एका कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं

हे तुम्ही मुद्दाम केलंत.

तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते मला सांगता येत नाही. तुमच्या नोटिशीवर सही आहे पण नाव नाही, शिक्का आहे पण तो पान खाऊन मारल्यासारखा फराटलेला, आणि खाली जो फोन नंबर दिलाय तो लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, कृपया नंबर तपासून पाहा. मी तपासला. चष्मा पुसून तपासला. नंबर बरोबर आहे. खोट तुमच्यात आहे.

नोटिशीत तुम्ही लिहिलंत की आमच्या खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये मासळी वाळत घालून परिसरात दुर्गंधी पसरवली जाते, अशी तक्रार 'एका जागरूक नागरिकाने' केली आहे. तरी सदर ग्रिल का काढू नये, याबाबत आपले म्हणणे सुनावणीत मांडावे. इथपर्यंत ठीक. म्हणणं मांडायला मी चोवीस तास तयार असतो, कोणी विचारलं नाही तरी. पण पुढे बारीक अक्षरात तुमची खरी जात दिसली. सुनावणी ऑनलाइन होईल. मोबाईल चालणार नाही. विंडोज असलेला संगणकच लागेल. म्हणजे माझं ऐकायला तुम्हाला मी नको, विंडोज हवं. मी नुसता बरोबर आलो तर चालेल.

आता मासळी म्हणजे काय, ते सांगतो. बोंबील. माझी बायको नंदा मढची, कोळ्यांची. मी मालवणकडचा, बाप गिरणीत होता. आमचं लग्न आम्ही ठरवलं, म्हणून घरात अरे-तुरे आहे आणि दोन्ही बाजूंचे नातेवाईक अजून जपून बोलतात. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना उन्हात उभं राहून बोंबील वाळत घालणं होत नाही. त्या ओले बोंबील डब्यात भरून बोरिवलीला पाठवतात आणि नंदा ते आमच्या ग्रिलमध्ये दोरीवर टांगते. दोन-दोन बोंबलांची जोडी करायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, की दोघं एकमेकांना धरून दोरीवर लोंबतात. कोणाला वाटेल नवरा-बायको. वाळले की अर्धे मढला परत. इतकी वर्षं हे चाललंय. बोरिवलीत आमच्या विंगला ऊन येतं ते तेवढ्या एका ग्रिलमध्ये, बाकी सगळीकडे समोरच्या टॉवरची सावली.

नोटीस वाचून नंदा एवढंच म्हणाली, "ग्रिल गेलं ना दशरथ, तर मी आईकडे जाते. ती सांगेल तसं वाळवते आणि तिथेच राहते. तुझं जेवण तू बघ."

ती हे ओरडून म्हणाली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती लसूण सोलत म्हणाली.

तर हा जागरूक नागरिक कोण? मी मनातल्या मनात सोसायटीतल्या प्रत्येकाला उभा-आडवा तपासला. पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या हर्षदभाईवर. शुद्ध शाकाहारी, आणि जिन्यात आमच्या दाराशी आला की त्याचा श्वास बंद होतो आणि पायांचा वेग वाढतो. दुसरा संशय सेक्रेटरी अंबादासवर. हा मासे खातो, पण आम्ही त्याला कधी जेवायला बोलावलं नाही. आणि न मिळालेल्या माशाचा वास फार लांबून येतो. तिसरा संशय मी इथे लिहीत नाही, तो माझ्या सख्ख्या भावावर आहे.

आता कॉम्प्युटर. आमचा कॉम्प्युटर चांगला विंडोजवर चालत होता. माझी मुलगी रुचिरा कॉम्प्युटर शिकते. तिने एका रविवारी त्याच डब्यात विंडोजच्या शेजारी लिनक्स आणून बसवलं. मला विचारलं नाही. मी म्हटलं, "एका यंत्रात दोन? भांडणार नाहीत?"

"नाही रे बाबा. मध्ये पार्टिशन आहे."

पार्टिशनचं मला शिकवू नये. माझ्या बापाच्या खोलीत मध्ये जुन्या साडीचा पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहायची. पलीकडच्यांचं दूध उतू गेलं की आमच्या आईला कळायचं आणि आमच्याकडचं भांडण पलीकडे जेवताना ऐकलं जायचं. पडदा असला म्हणजे गुपित राहतं, हा फक्त पडदा विकणाऱ्याचा समज आहे.

रुचिराने मला धडा दिला. "चालू केलंस की काळ्या पडद्यावर दोन नावं येतील. वर लिनक्स, खाली विंडोज. खालचा बाण दाबायचा, एंटर मारायचं. झालं. बाकी कशाला हात लावायचा नाही." आणि ती कॉलेजच्या कॅम्पला निघून गेली, डोंगरात, जिथे मोबाईलला रेंज मिळवायला झाडावर चढावं लागतं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी आंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसलो. सरकारी कामाआधी मी आंघोळ करतो, निदान आपली बाजू स्वच्छ असावी. काळा पडदा आला. दोन नावं आली. मी खालचा बाण दाबला. पट्टी खाली विंडोजवर आली. मी एंटरकडे बोट नेलं, तेवढ्यात पट्टी आपली आपण वर लिनक्सवर गेली.

परत दाबला. खाली आली. परत वर गेली. मांजराला पलंगावरून उतरवून खाली ठेवावं आणि आपण वळायच्या आत त्याने पलंगावर असावं, तसं. मी झटपट दाबून पाहिलं, सावकाश दाबून पाहिलं, दुसरीकडे बघतोय असं दाखवून अचानक दाबून पाहिलं. शेवटी एंटर बसलं ते लिनक्सवरच.

लिनक्समधून तुमचं पोर्टल उघडलं तर तुम्ही लिहिलंत: आपली प्रणाली मान्य नाही. माझी प्रणाली! मी पन्नाशी उलटलेला माणूस आहे, माझी प्रणाली माझ्या बायकोलासुद्धा मान्य नाही, पण तिने कधी लाल अक्षरात लिहून दाखवलं नाही.

रुचिराला फोन लावला. चार वेळा तुटला, पाचव्यांदा आवाज आला.

"बाबा, कशाला हात लावलास?"

"मी हात लावलेला नाही."

"मग असं होणारच नाही. खरं सांग, कशाला हात लावलास?"

घरातलं काहीही बिघडलं की पहिली चौकशी माझीच होते. ह्या घरात दोन खटले चालू आहेत, एक तुमचा आणि एक हा कायमचा. फोन तुटला.

म्हटलं, विंडोज मिळेपर्यंत निदान म्हणणं तरी लिहून ठेवू. लिनक्समध्येच लिहायला बसलो. 'महोदय' लिहिलं, खाली उतरलो, 'वरील विषयास अनुसरून' लिहिलं, आणि बघतो तर माझी अक्षरं 'महोदय'च्या पोटात घुसतायत. कर्सर वर चढत होता. मी खाली आणावा, तो वर जावा. माझं प्रत्येक वाक्य महोदयांच्या डोक्यावर जाऊन बसत होतं. रोजचा दिवस असता तर मला हे आवडलं असतं.

वर. सगळं वरच का जातंय? आमच्या वर कोण राहतं?

मी चपला न घालता जिना चढलो. हर्षदभाईने दार उघडलं. हातात शेव होती.

"आवो आवो दशरथभाई. काय झालं, चेहरा असा लाल?"

"तुमच्याकडे वाय-फाय आहे?"

"आहे ना. पाहिजे?"

"नको! तेच विचारायला आलो. तुमच्या वाय-फायमधून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं का?"

हर्षदभाईने शेव खाल्ली. विचार केला. गुन्हेगार विचार करतोच. "बघा, कॉम्प्युटरच्या आत एक छोटा सेल असतो, घड्याळातल्यासारखा. तो मेला असेल. तो बदला. नाहीतर असं करा ना, उद्या माझ्याकडे या. माझा विंडोज आहे, मस्त चालतो. इथूनच बोला तुमच्या साहेबांशी. मी चहा ठेवतो."

मी काय दूधखुळा आहे? तक्रारदाराच्या घरात बसून, तक्रारदाराच्या यंत्रावर, तक्रारदाराचा चहा पीत बोंबलांची बाजू मांडायची? आणि मध्येच वीज गेली तर? मी म्हटलं, "आमचे आम्ही समर्थ आहोत," आणि उतरलो. मागून तो ओरडला, "सेल बदला, सेल!" ह्या माणसाला माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात सेल असतो हे कसं ठाऊक, ही गोष्ट मी लक्षात ठेवली.

खाली अंबादास भेटला. हातात कायम सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा, देवळातल्या घंटेसारखा वाजवत फिरतो.

"अरे, तू सुनावणीला जाऊच नको ना," तो म्हणाला. "गेलास की तू नोटीस मानलीस. नाही गेलास की त्यांना झक मारून पुढची तारीख द्यावी लागते. तारीख पे तारीख, तोपर्यंत तुझी पोरगी साहेब होईल."

"तुझं ग्रिल असतं तर गेला असतास का?"

"माझं ग्रिल आहे की. पण त्यात कुंड्या आहेत. तुळस. तुळशीला कोण हात लावतो?" आणि किल्ल्या वाजवत गेला. शेवटचं वाक्य बोलताना तो हसला होता. मी बघितलं.

स्टेशनकडच्या गल्लीत रतन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला फोन केला. त्याने माझं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "काका, फॉर्मेट मारावा लागेल." रतनचं हे एकच औषध आहे. त्याच्या दुकानात सर्दी झालेला माणूस गेला तर रतन त्याला फॉर्मेट मारेल आणि तो माणूस बाहेर येईल तो नाव विसरूनच. "एकात दोन टाकल्यावर असंच होणार ना काका. एक उडवा."

"कुठलं उडवू?"

"जे कमी लागतं ते."

रुचिराचं वर्षभराचं काम लिनक्समध्ये. माझं ग्रिल विंडोजवर अवलंबून. घरातला बाप म्हणून मी असा निर्णय घ्यायचा होता, की मुलीचं वर्ष फुकट घालवू की बायको. मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून झोपलो. चालू म्हणजे लिनक्स. दुसरं काय.

सकाळी नंदाने बोंबील धुऊन आणले आणि दोरीवर जोड्या अडकवायला लागली. सुनावणी अकराला. मी पुन्हा बसलो. खाली आण, वर जा. खाली आण, वर जा. दहा वाजून गेले. मी देवाला, रतनला, रुचिराच्या कॉलेजला आणि संगणकयुगाला प्रत्येकी जमेल तेवढं बोललो.

"शिव्या मंद आवाजात दे," नंदा खिडकीतून म्हणाली. "वरून परत तक्रार येईल."

तिथे माझा तोल गेला. मी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि टेबलावर दाणकन आपटला.

त्यातून काय पडलं? आधी झेंडूची एक वाळकी पाकळी. मग हळदीची भुकटी. आणि मग, टक्कन, तांदळाचा एक दाणा. लाल. कुंकू लावलेला. अक्षता.

मी नंदाकडे बघितलं. नंदाने बोंबलाकडे बघितलं.

"दसऱ्याला पूजा नको करायला?" ती म्हणाली. "बाबा कोयत्याची करायचे, आई मासळीच्या पाटीची करते. तुझ्या घरात हत्यार म्हणून हाच एक डबा आहे. मी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. तूच नमस्कार केलास वाकून. मग?"

केला होता. वाकून केला होता. आणि तो दाणा जाऊन बसला होता बरोबर वरच्या बाणाखाली, त्यामुळे तो बाण अर्धा दाबलेलाच राहत होता आणि लिनक्सला वर खेचत होता. आता मला सांगा, कीबोर्डवर एवढी बटणं असताना तो दाणा नेमका त्याच बटणाखाली कसा गेला? यात कोणाचा हात नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्या क्षणी वेळ नव्हता. बंद केला, चालू केला, खालचा बाण दाबला. पट्टी खाली आली आणि खालीच राहिली. एखादं आगाऊ पोर पहिल्यांदाच सांगितल्यावर बसावं, तशी बसली.

विंडोज उघडलं! नंदाने ओल्या हातांनी टाळी वाजवली. मी शर्ट घातला, केसांना पाणी लावलं, तुमचं पोर्टल उघडलं. अजून अकराला अवकाश होता. तुम्ही लिहिलंत: आपल्या सुनावणीची वेळ अद्याप झालेली नाही. कृपया वेळेवर यावे.

मी म्हटलं, वा. शिस्तीचे लोक आहेत. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. तुमचं तेच: वेळ अद्याप झालेली नाही. पाच मिनिटं गेली. तेच. मी पान पुन्हा उघडलं. तेच. अकरा वीस. तेच. म्हटलं, साहेब चहाला गेले असतील. साडेअकरा झाले. आता मात्र संशय आला आणि नजर कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे सकाळचे सहा वाजले होते.

बाहेर डोळे दिपतील असं ऑक्टोबरचं ऊन. बोंबील टपटप पाणी गाळतायत. आणि माझ्या कॉम्प्युटरात कोंबडा आरवायच्या बेतात.

मी अशी बोंब मारली, की वरून हर्षदभाई आणि खालून अंबादास एकाच वेळी दारात आले. दोघं इतक्या पटकन कसे आले, हेही मी लक्षात ठेवलं. हर्षदभाईने नाकावर रुमाल धरला होता, पण आत आला. "बघा! सेल! सांगितलं होतं मी!"

"साडेपाच तास मागे," अंबादास म्हणाला. "ही लंडनची वेळ आहे रे! माझा मेव्हणा तिथेच आहे ना, तो आत्ता उठतो."

गोरा साहेब कधीच गेला, आणि माझ्या घरात घड्याळ ठेवून गेला! नंदाने रुचिराला फोन लावला. ह्या खेपेला पहिल्या झटक्यात लागला, बायकोचा लागतो.

"आई, बाबाने रात्रभर लिनक्स चालू ठेवलं का?"

"हो."

"मग तेच. लिनक्स मशीनमध्ये लंडनची वेळ लिहून ठेवतं आणि आपल्याला दाखवताना आपली करून दाखवतं. विंडोजला वाटतं मशीनमध्ये जे आहे तेच खरं, ते तसंच्या तसं दाखवतं. दोघांचं पटत नाही वेळेवरून. मी नेहमी ठीक करते, सांगायचं राहिलं."

पार्टिशन आहे म्हणाली होती! दोन बिऱ्हाडं, मध्ये पडदा, आणि घड्याळ मात्र एकच, ज्याने शेवटी किल्ली दिली त्याचं!

"बाबा, ओरडू नको, पोर्टल आपल्याच कॉम्प्युटरचं घड्याळ बघतं, ते पुढे कर. पासवर्ड मागेल."

"कुठला पासवर्ड?"

पलीकडून हळू आवाजात, "बाबा हात लावू नको. सलग लिही, इंग्रजी अक्षरांत."

हर्षदभाई रुमालाआडून हसला. अंबादास उघड हसला. मी, त्या घरातला कर्ता पुरुष, शेजाऱ्यांदेखत एकेक अक्षर दाबत तो पासवर्ड लिहिला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घेतला. घड्याळ पुढे ओढलं. सहा पस्तीसच्या जागी बारा पाच झाले. मी तुमचं पान पुन्हा उघडलं. तुम्ही लिहिलंत:

आपल्या सुनावणीची वेळ संपली आहे. आपण गैरहजर राहिल्याने एकतर्फी निर्णय घेण्यात आला आहे. ग्रिल काढण्यात येईल.

अंबादासने किल्ल्यांचा जुडगा खिशात घातला.

मग हर्षदभाई म्हणाला, "दशरथभाई इथेच बसला होता, हे मी लिहून देतो. सही करतो. पाहिजे तर माझ्या बायकोची पण घ्या." सही द्यायला एवढी घाई का, हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला. पण सही मी घेतली. अंबादासची पण घेतली, सोसायटीच्या शिक्क्यासकट. तुमच्यापेक्षा आमचा शिक्का नीट उमटतो.

नंदा खिडकीशीच उभी होती. मी विचारलं, "उतरवू का दोरी?"

"आज घातलेत, आज कसे उतरतील?" ती म्हणाली. "ओले आहेत. त्यांना सांग, ग्रिल काढायला यायचं असेल तर वाळल्यावर या." आणि उरलेल्या जोड्या अडकवायला लागली. पण दुपारी तिने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली आणि पलंगावर ठेवली. अजून रिकामी आहे. मी रोज उघडून बघतो.

म्हणून विचारतो. जागरूक नागरिक कोण, ते नका सांगू; त्याला मी शोधीन. मला दुसरं सांगा. त्या दिवशी मी तुमच्या दारात सलग बसून होतो, एकदाही उठलो नाही, पाणीसुद्धा बायकोने आणून दिलं. बारा वाजेपर्यंत तुम्ही मला सांगत होतात, लवकर आलात. त्यानंतर लगेच सांगितलंत, उशीर झाला. या दोन वाक्यांच्या मध्ये माझी वेळ कधी झाली होती? झाली होती तर मला आत का घेतलं नाहीत? आणि झालीच नव्हती, तर मी गैरहजर कसा?

बोंबील वाळत आलेत. त्याच्या आत उत्तर द्या.